आठ दिवसांची घडी

आमचं दोघांचं शेवटचं काम म्हणजे रेडिओशी हातातली घडी मिळवणं. सकाळी आठच्या बातम्यांच्या आधी पिप-पिप वाजतं, तेव्हा. बायको तव्यापाशी बसली होती. तिने पिठाचा हात तसाच माझ्याकडे लांब केला. मी मनगट धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि घडी पाहिली.

"बराबर हाय," मी म्हटलं.

"मग सोडा ना जी हात. पोळी जळून राहिली."

एवढंच. दुपारी तांदूळ निवडता निवडता ती भिंतीला टेकली. मी पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरने हृदयाचं सांगितलं. त्याला आता दीड वर्ष झालं. शेवटी काय बोलली, असं लोक विचारतात. मी म्हणतो, पोळी जळते म्हणाली. लोकांना वाटतं मी टाळतो आहे.

पण मला त्या सकाळचं दुसरंच लागून राहिलं आहे. त्या दिवशी वेळ मी पाहिली. ते काम माझं नव्हतं, तिचं होतं, वीस वर्षं तिचं होतं. त्या आठवड्यात घडी तिच्या हातात होती आणि तिला त्यातलं काही दिसत नव्हतं. ते माझ्या हट्टापायी. म्हणून हे लिहायला बसलो. चौथीपर्यंत शिकलो आहे, जमेल तसं लिहितो.

मी मोटारी बांधायचो. मोटार म्हणजे रस्त्यावरची नव्हे. विहिरीवरची, पिठाच्या चक्कीची मोटार जळून आली की आतली काळी पडलेली तार उपटायची आणि नवी तांब्याची तार भरायची. इतवारीत भांड्यांच्या दुकानांच्या मागे आमचं वर्कशॉप होतं. हाताचा वार्निशचा वास सुटीच्या दिवशीही जायचा नाही. माझ्या बरोबरीचे लोक पगाराच्या दिवशी पिऊन यायचे. मला तो नाद नव्हता. मला घड्यांचा नाद लागला.

बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं, आणि लग्नाला सात-आठ वर्षं झाल्यावर मी पहिली घडी घेतली. सदरमध्ये एक घडीवाला होता. माझ्याच वयाचा. डोळ्याला लावलेलं भिंग तो बोलतानाही काढायचा नाही, त्यामुळे एका डोळ्याने आपल्याकडे पाहतो आणि दुसऱ्याने आपल्या आत पाहतो असं वाटायचं. त्याला मी पहिल्या दिवशीच सांगितलं, मला मधल्या किमतीची दाखव. माझा हिशेब साधा होता. सगळ्यात स्वस्त घडीची पिळायची चाबी वर्षभरात उपटून हातात येते. सोन्याचं पाणी चढवलेली घातली तर माणूस दिवसभर घडीच सांभाळत बसतो. मधली घ्यावी, अंगावर घालावी आणि विसरून जावी.

पण विसरता येईना. ती घडी पळायला लागली. सकाळी मिळवली की संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं पुढे. मी जाऊन भांडलो.

"ही घडी हाय का टांग्याचा घोडा?"

"भाऊ, माझ्या दुकानात होती तोवर नीट होती."

"म्हणजे मी बिघडवली?"

"मी कुठे म्हटलं? दुसरी घेऊन जा."

माणूस भला, त्याने बदलून दिली. दुसरीही पळाली. तिसऱ्या वेळी त्याने हात जोडले. म्हणाला, ही आठ दिवस नुसती पाहायला घेऊन जा. कामावर नेऊ नका. नीट चालली तर ठेवा, नाही तर आठव्या दिवशी परत आणा. मात्र नुसती फळीवर ठेवू नका, माणसाच्या हातात राहू द्या. पडून राहिलेल्या घडीची खरी चाल कळत नाही.

आता कामावर न जाणारा हात घरात एकच होता.

म्हणून मी तिला दुकानात घेऊन गेलो. तिचं मनगट इतकं बारीक की पट्टा शेवटच्या भोकात अडकवला तरी घडी कोपरापर्यंत फिरायची. घडीवाल्याने टोच्या काढला, शेवटच्या भोकाच्या दोन बोटं आत एक नवं भोक पाडलं. ती हात पुढे करून बसली होती आणि सुई टोचून घेतल्यासारखं तोंड करून पाहत होती. तेव्हापासून आमच्या प्रत्येक घडीच्या पट्ट्याला ते आतलं भोक आहे. मी घालतो तेव्हा ते रिकामं राहतं.

ती शाळेत गेलीच नव्हती. बारापर्यंतचे आकडे तिला त्या घडीनेच शिकवले. मी फक्त एकदा फिरवून सांगितलं. पुढचं तिचं तिने केलं. एक म्हणजे काठी. दोनाला ती बदक म्हणायची, साताला कोयता, आठाला चष्मा. अकरा म्हणजे दोन काठ्या. "मोठा काटा चष्म्यावर आला अन् छोटा कोयत्याच्या पुढं गेला," असं सांगायची, मग मी मनात हिशेब करायचो की पावणेआठ होत आले. पिप वाजलं की ती पाहायची, आणि स्वयंपाकघराच्या दारामागे कोळशाने एक रेघ मारायची. घडी बराबर असेल तर उभी रेघ. पुढे गेली असेल तर पुढे झुकलेली, मागे असेल तर मागे. एका घडीच्या आठ रेघा.

त्या पहिल्या आठही रेघा उभ्या आल्या. नवव्या दिवशी मी घडी कामावर घालून गेलो आणि ती पळाली.

तेव्हा माझी खात्री पटली. म्हटलं, "माह्या हातात गरमी हाय."

"डोक्यात हाय ती हातात उतरली असन," ती म्हणाली.

हसा तुम्ही, पण आम्ही दोघांनी ते खरंच मानलं. माझा हात घडीला वाईट आणि तिचा चांगला. मी कामावर घडी घालणं बंद केलं. घडी सुटीला, लग्नाकार्याला, संध्याकाळी फिरायला. बाकीचा वेळ बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. आणि दोन-तीन वर्षांनी थोडे पैसे सुटे झाले की नवी एक बघायला जायचो. आठ दिवस तिच्या हातात, मग डब्यात. पाचपावलीच्या आमच्या गल्लीत ही गोष्ट पसरली. बायका नवऱ्यांच्या घड्या घेऊन यायच्या.

"आमची मागं पडून राहिली वं. तुह्या हातात ठेव ना चार रोज."

"ठेव. पण चाबी मीच देईन, तू मधी हात लावू नको."

अशी ऐट. कधीकधी तिच्या हातात दोन-दोन घड्या असायच्या आणि बांगड्या पार वर सरकवलेल्या. मजेची गोष्ट म्हणजे काही घड्या खरंच सुधारून जायच्या. रोज एकाच वेळी चाबी मिळत असेल म्हणून.

पुढे कितीतरी वर्षांनी घडीवाल्याने एक होकायंत्र आणलं. ती नवव्या दिवशी पळालेली माझी जुनी घडी त्याच्याजवळ नेली तर त्याची सुई गर्रकन फिरली.

"भाऊ, काय काम करता तुम्ही?"

"मोटारी बांधतो."

तो कपाळाला हात लावून हसायला लागला. मोटारीला करंट दिला की तिच्या भोवती चुंबक तयार होतो, आणि तो घडीच्या आतल्या केसाएवढ्या स्प्रिंगला धरतो. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घडी पळते. गरमी नाही, हात नाही, काही नाही. त्याने घडी एका तारेच्या वेटोळ्यातून हळूच काढून घेतली आणि ती बरी झाली. मी आयुष्यभर तारेची वेटोळी भरली आणि मला हे कळलं नव्हतं.

घरी येताना ठरवलं होतं की तिला सांगायचं. दारात पाहिलं तर शेजारीण हात पुढे करून बसलेली आणि आमची बाई तिच्या नवऱ्याची घडी कानाला लावून डॉक्टरसारखी ऐकून राहिली. मी काही बोललो नाही. पुढेही बोललो नाही. तेव्हा मला वाटलं, मी चांगलं केलं, तिचा मान राखला.

आता तसं वाटत नाही. मान राखला हे खरं, पण मला सोयीचंही होतं. आठ दिवस ती घालायची. नवव्या दिवशी स्वतःच पट्टा सोडायची, पदराने काच पुसायची, घडी डब्यात ठेवायची आणि बांगड्या परत खाली ओढायची. डब्यात एकामागून एक सात घड्या जमल्या. सातही तिच्या हातावरून गेल्या. त्यातली एकही तिची नव्हती. तिने मागितली नाही, मी विचारलं नाही.

मग माझं काम सुटलं. डोळ्यांपुढे बारीक तार हलायला लागली होती. तिच्याही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, थंडीत ऑपरेशन करू असं मुलगी म्हणत होती. मुलगी आमची एकच, कामठीला दिलेली. घरी बसून मला डबा जास्तच आठवायला लागला. रोज उघडायचो, पुसायचो. एकदा लक्षात आलं की सातही घड्यांची तबकडी पांढरी आहे. एक काळी पाहिजे. डोक्यात बसलं ते बसलं.

आता कामावर जायचं नव्हतं, चुंबकही नव्हता. माझ्या हातात घालून पाहिली असती तरी चाललं असतं. पण सवयीने मी म्हटलं, "चाल, घडी आणू." तीही लगेच पातळ बदलून तयार.

घडीवालाही म्हातारा झाला होता. म्हणाला, "भाऊ, आता सेलवाली घ्या. चाबीची झंझटच नाही."

"जिले माह्या चाबीची गरज नाही, ती मले कशाले?"

त्याने चाबीच्या काढल्या. मी पाहताक्षणी काळी उचलली. तबकडीवर आकडे नाहीत, आकड्यांच्या जागी नुसत्या बारीक चकचकीत टिकल्या, काटे सुईसारखे. तेवढ्यात तिने काचेच्या कपाटात बोट दाखवलं.

"ती दाखवा ना."

ती साधी पांढरी होती. मोठे काळे ठसठशीत आकडे, बाराच्या बारा. भाव जवळजवळ तोच.

"हे पाहा," ती म्हणाली, "हिच्यात कसं भरून भरून दिसते. बदक पाहा केवढं हाय."

"पांढऱ्या सात हायेत घरी."

"पण त्या काळीत मले काहीच दिसत नाही जी."

"तुले काय करायचं पाहून?"

"आठ दिवस मीच घालीन ना?"

घडीवाला भिंगातून आमच्याकडे बघत होता. मला लाज वाटली, की एवढ्या वर्षांचं गिऱ्हाईक मी आणि बायकोपुढे मागे-पुढे होतो. म्हणून जोरात बोललो. "तुले कोणती ड्यूटी लागली हाय टाइम पाहाची? हात द्यायचा हाय फक्त. तो दे."

हे मी बोललो. दुसऱ्या कोणी नाही.

तिने बांगड्या वर सरकवल्या आणि हात पुढे केला. घडीवाल्याने टोच्या काढून आतलं भोक पाडलं, मी पट्टा अडकवला. आठ दिवसांची बोली झाली. सायकल रिक्षात बसल्यावर तिने एकदा मनगट डोळ्यांजवळ नेलं, दूर नेलं, आणि पदराखाली घेतलं.

त्या आठवड्यात रोज सकाळी पिप वाजलं की ती हात माझ्याकडे करायची. वेळ मी पाहायचो. रेघही मला काढायला लावली. "मी काय सांगू, तुम्हीच काढा." चाबी मात्र तीच देत होती. तिसऱ्या दिवशी मी आत पडलो होतो आणि ओसरीवर शेजारणीने तिला विचारलेलं ऐकलं.

"किती वाजले वं?"

"थांब, यायले विचारते."

"बाप्पा! हातात घडी अन् टाइम नवऱ्याले विचारते!"

"देखणी हाय ना वं घडी. देखण्या घडीले काम सांगू नये."

दोघी हसल्या. मीही आत हसलो. मग हसू थांबलं. मनात आलं, उद्या जाऊन बदलून आणू. दुसऱ्या दिवशी ऊन जास्त होतं. मग म्हटलं आता चारच दिवस राहिले, आठव्या दिवशी जायचंच आहे, तेव्हा पाहू. असं मी स्वतःला सांगितलं आणि तिला काहीच सांगितलं नाही. सातव्या दिवशी ती गेली.

मुलगी दुपार कलायच्या आत पोहोचली. आंघोळ घालण्याआधी बायकांनी तिच्या आईच्या अंगावरचं उतरवलं. मुलगी बाहेर आली, मुठीत घडी. रडून तिचं तोंड सुजलं होतं.

"बाबा, ही आईची?"

"नाही. दुकानदाराची हाय. पाहायले आणली होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिने लहानपणापासून आईच्या हातात घड्या पाहिल्या होत्या. डबा आमच्या दोघांच्या समोर फळीवर होता.

"मग आईची कोणती?"

तेवढ्यात वंदना सुरू झाली, लोक उभे राहिले, म्हणून वाचलो. संध्याकाळी घाटावरून आलो तेव्हा घडी माझ्या सदऱ्याच्या खिशात चालत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. रेडिओ कोणी लावला नव्हता. मागच्या घरचा लागला, त्याचं पिप भिंतीतून ऐकू आलं. मी खिशातून घडी काढून पाहिली. बराबर होती. चाबी दिली. दारामागे जाऊन आठवी रेघ उभी काढली. मग चपला घातल्या.

समोरच्या घरचा म्हातारा अंगणात बसला होता. "कोठी चालला गा?"

"सदरले."

"आज?"

"आठवा दिवस हाय. आठ दिवसांची बोली होती."

त्याने माझ्या मुलीकडे पाहिलं, की याचं डोकं फिरलं का. मुलीने माझ्या हातातली घडी पाहिली. "जाऊ द्या बाबाले," ती म्हणाली.

मी चालतच गेलो. दुकान अजून उघडायचं होतं, पायरीवर बसून राहिलो. घडीवाला आला, त्याने शटर वर केलं, देवाला उदबत्ती लावली आणि भिंग डोळ्याला अडकवलं.

"आज बाई नाही आल्या?"

"नाही."

"चालली कशी?"

"आठही दिवस बराबर."

"मग झालं. डब्यात एक काळी आली तुमच्या."

"नाही. ही ठेवून घे. ती पांढरी काढ."

"काहून भाऊ? बराबर चालली म्हणता ना?"

"तिले दिसत नाही हिच्यात."

त्याने काळी हातात घेऊन पट्टा पाहिला. काळीच्या पट्ट्याला आतलं भोक पडलं होतं, ती आता दुसऱ्याला नवी म्हणून विकता येणार नव्हती. मी पट्ट्याचे पैसे वेगळे देतो म्हटलं, त्याने नको म्हणून मान हलवली. पांढरी काढली, चाबी दिली, भिंतीवरच्या मोठ्या घडीशी मिळवली. मग खण ओढून, सवयीने, टोच्या काढला. शेवटच्या भोकापासून दोन बोटं मोजली, पट्टा लाकडावर धरला आणि दाबला. मी त्याला थांबवलं नाही.

"आठ दिवस पाहा," तो म्हणाला, "नाही जमली तर आणा परत."

"परत आणत नाही. ही तिची हाय."

"चला," तो हसला, "इतक्या वर्षांनी बाईले घेऊन दिली म्हणा एक."

"हो," मी म्हटलं.

त्याने कागदात बांधून दिली. बाहेर रस्त्यावर येऊन मी कागद सोडला आणि घडी उन्हात धरली. सगळं भरून भरून दिसत होतं. मोठा काटा बदकावर होता आणि छोटा दोन काठ्यांच्या जरासा पुढे.